पांढरी नऊवारी शोधणारी माणसं

३ सप्टेंबर, बुधवार

दोनशे बारा! काल एका दिवसात दोनशे बारा माणसं आमच्या साइटवर येऊन गेली — आणि ऑर्डर? एकही नाही. आईंच्या शिवलेल्या नऊवाऱ्या बघायला रोज एवढी माणसं येतात आणि हात हलवत परत जातात.

मी ऑफिसात दुसऱ्यांच्या साइटचे आकडे बघायचा पगार घेते. गिऱ्हाईक कुठून आलं, किती वेळ थांबलं, कुठल्या पानावरून पळालं — सगळं सांगते. अंधेरीच्या त्या गारढोण मीटिंग रूममध्ये लोक माझं ऐकून माना डोलावतात. आणि घरच्या सासूचं दुकान काही चालेना. दिव्याखाली अंधार!

सिद्धेशने आज जेवताना विषय काढलाच. आईंचा दहिसरचा दुकानाचा गाळा सोडायचा. मालकाला दुसरा भाडेकरू मिळालाय, घटस्थापनेच्या आधी चावी हवीय. "आईची पाठ बघितलीस? मशीनवरून उठताना भिंत धरते ती." तो चुकीचं बोलत नाही, हाच तर वांधा आहे. आई नुसता भात कालवत बसल्या. मग मलाच म्हणाल्या, "तुझ्या त्या साइटवर माणसां येतत ना? मगे गाळो कित्याक सोडूचो?"

मी सिद्धेशला म्हटलं, चावी द्यायच्या दिवसापर्यंत थांब. तोपर्यंत ऑर्डरी आल्या तर गाळा ठेवायचा. तो हो म्हणाला. माझ्यावर उपकार केल्यासारखा नाही, खरंच मनापासून म्हणाला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

फोटो बदलले. "ऑर्डर करा"चं बटण वर घेतलं, मोठं केलं, लाल केलं. माणसं दोनशे तीस. ऑर्डर शून्य. डोकं फिरायची वेळ आलीय.

६ सप्टेंबर, शनिवार

विसर्जनाची गडबड. आकडे बघितले नाहीत.

(खोटं. दोनदा बघितले.)

९ सप्टेंबर, मंगळवार

कळलं! आणि कळल्यावर हसावं की रडावं तेच कळेना.

काल नीट बसून बघितलं. सगळी माणसं सकाळी उठल्या उठल्या येतात, जेमतेम पाच सेकंद थांबतात, जातात. निम्मी दहिसरची, निम्मी कुडाळची. जाहिरातीचे दिवसाचे पैसे नाश्त्याच्या आधीच संपलेले. म्हटलं, नक्की कुणीतरी धंदेवाला आमच्या मुळावर उठलाय! ऑफिसात शेजारी बसणाऱ्या सपनाला सांगूनही झालं.

आणि आज चहा गाळताना ऐकते तर आई फोनवर, कुडाळच्या नीलामावशींशी: "आज दाबलंस मां गो? तुझ्या सुनेकय सांग दाबूक."

समोर बसवलं. सगळं निघालं. इथलं भजनी मंडळ, तिकडचा बचत गट — एकूणएक बाईला शिकवून ठेवलंय. उठल्यावर फोनवर आमचं नाव शोधायचं आणि वर जे पहिलं दिसेल ते दाबायचं. पहिलं म्हणजे आमची जाहिरात! प्रत्येक दाबण्याला आमचेच पैसे!

"अगो, जत्रेत रिकाम्या दुकानाकडे कोण फिरकतं काय?" आई म्हणाल्या. "आधी घरची माणसं पुढ्यात उभी करायची. गर्दी दिसली की गिऱ्हाईक येतं. माझ्या आवशीन जत्रेत गोड खाजा असाच विकला."

मी ओरडले. जरा जास्तच ओरडले. त्या लगेच एकेकीला फोन करत बसल्या — "नको आता दाबू. नुकसान होतं म्हणे." त्यांच्या डोक्यात मदत होती, आणि मी त्यांना चोर पकडल्यासारखं बोलले. वाईट वाटलं. अजून वाटतंय.

१० सप्टेंबर, बुधवार

साइटवर आज माणसं — अकरा.

११ सप्टेंबर, गुरुवार

पण ही अकरा खरी आहेत! थांबतात, दोन-चार पानं बघतात, काहीतरी शोधतात. साइटवर शोधायची चौकट आहे, तिच्यात कुणी काय टाइप केलं ते मला दिसतं. इतके दिवस भजनी मंडळाच्या गर्दीपायी तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

पांढरी नऊवारी. सफेद नऊवारी. पांढरी शिवलेली मोठी साइज. पांढरी निळा काठ. परत पांढरी. आणि दर वेळी आमच्या साइटचं उत्तर: काही सापडले नाही.

पांढरी? आमच्याकडे हिरवी आहे, मोरपंखी आहे, जांभळी आहे. पांढरी कोण नेसतं, तेही हौसेने विकत घेऊन? पितृपक्ष चालू आहे, कुणाकडे काही झालं असेल, असं म्हणून सोडून दिलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

जेवताना सपनाला सहज सांगितलं. ती घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली.

"तू खरंच विचारतेस? यार श्रुतिका, त्यातली एक मीच असेन! आईसाठी शोधत होते. विजयादशमीला आम्ही सगळे पांढरंच घालतो ना. धम्मचक्र प्रवर्तन दिन! बुद्धपौर्णिमेलाही पांढरं."

चार वर्षं माझ्या शेजारी बसते. दर वर्षी दसरा झाला की फोटो दाखवते — तिची आई, मावश्या, सगळ्या पांढऱ्या साड्यांत. मी "छान" म्हणते आणि डबा उघडते.

तिची आई शांताबाई घाटकोपरला राहतात. हात मोडल्यापासून त्यांना नऊवारी नेसता येत नाही. पाचवारी त्या नेसत नाहीत. गेल्या वर्षी विहारात गेल्याच नाहीत म्हणे.

सपना म्हणाली, "आणि तू आमच्या सणाला सुतक समजलीस!" हसत म्हणाली. तरी लागलंच.

१३ सप्टेंबर, शनिवार

आई नाही म्हणाल्या. सरळ नाही. "पितृपक्षात नवीन कापड? आणि तेही पांढरं? माझ्या गाळ्यात नको."

मी आकडे दाखवायला लागले तर उठून आत गेल्या. ओट्याशी उभ्या राहून, पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुझे सासरे गेले तेव्हा पांढरं कापड माझ्याच कपाटातून निघालं, श्रुतिका. मीच मापून दिलं."

मी लॅपटॉप मिटला. यावर कुठला आकडा दाखवू? घरात तीन वर्षं झाली मला, बाबांच्या माघारी आलेली मी. हे कुणी सांगितलंच नव्हतं. अस्तरसुद्धा आई कधी पांढरं लावत नाहीत, ते आज कळलं.

सपनाला फोन करून सांगितलं, राहू दे गं, नाही जमणार. का ते पण सांगितलं.

१४ सप्टेंबर, रविवार

सपना आईला घेऊन थेट गाळ्यावर! मी बोलावलं नव्हतं. शांताबाईंनीच हट्ट धरला म्हणे.

त्या बसल्या, पाणी प्यायल्या, आणि सरळ आईंशीच बोलल्या. "बाई, पोरीनं सांगितलं मला. माझेबी मालक गेलेत, मला कळतं. पण आमच्यात पांढरं म्हणजे सणाचं. वर्षाचा मोठा दिवस हाय आमचा. एका हातानं नऊवारी आवरत नाही, आन् पाचवारीत मला अवघडल्यासारखं होतं. मागल्या साली कडी लावून घरात बसले. रडू आलं बघा."

आईंनी मोरपंखी नऊवारीची घडी घालायला घेतली. मला वाटलं, संपलं. सपना माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे बघेना.

मग आईंनी चष्मा लावला.

"काठ कुठला?"

"निळा."

"उभं राहा बघू. कंबर मापते."

मी बाहेर जाऊन नाक पुसून आले.

१७ सप्टेंबर, बुधवार

शांताबाईंची नऊवारी तयार झाली. आईंनी नाडी अशी फिरवलीय की डाव्या हाताने नुसती ओढली तरी घट्ट बसते. तीनदा उसवून परत शिवली. पांढऱ्याला पहिली कात्री लावताना थांबल्या होत्या जरा. मग लावली.

फोटो काढला. मागे पडदा नाही, लाइट नाही. शांताबाई कॅमेऱ्याकडे बघेचनात, आईंकडे बघून हसत होत्या. तोच फोटो पहिल्या पानावर टाकला. लग्नातल्या नटलेल्या पोरी गेल्या खाली. जाहिरात आता फक्त पांढरी शोधणाऱ्यांना दिसेल अशी केली. आता शोधलं की सापडतं!

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सहा ऑर्डरी! माणसं आली चाळीस आणि सहा जणांनी घेतली. ऑफिसात असं झालं असतं तर साहेबांनी पेढे वाटले असते.

सिद्धेश खूश झाला, आईंना मिठीच मारली. मग बेडरूममध्ये हळूच म्हणाला, "सहा, श्रुतिका. सहावर गाळा चालत नाही. रविवारी चावी देऊन येतो." भांडावंसं वाटलं, पण हिशेब मलाही येतो.

आईंनाही त्याने नंतर सांगितलं असावं. रात्री दोऱ्याची रिळं पिशवीत भरत होत्या. "ही सहा तरी नीट शिवून देतंय," एवढंच म्हणाल्या.

२० सप्टेंबर, शनिवार

साइटवर तीन माणसं. ऑर्डर नाही. जाहिरात चालू आहे, पान उघडतंय, बटण चालतंय, मी स्वतः तपासलं. मग माणसं गेली कुठे? आई सकाळीच गाळ्यावर गेल्या, त्यांना सांगायचं धाडसच झालं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

साइटवर आज कुणीच नाही. शून्य.

आई सकाळपासून गाळ्यावर आवरतायत, सिद्धेश जेवून तिकडेच चावी द्यायला गेला. मी अडवलं नाही. काय दाखवून अडवणार?

आत्ता त्याचा फोन आला, मागे नुसता कलकलाट. "अगं, गाळ्यात शिरायला जागा नाही! शांताबाईंनी अख्खा टेम्पो भरून बायका आणल्यात. म्हणतात, साइट-बिट कशाला, शिवणारी बाईच माहितीय आम्हाला."

"आणि चावी?"

"कसली चावी! आईने मला मापं लिहायला बसवलंय."