आईचा विलाप बटणावरून काढण्याबाबत

मंगळवार, ४ मार्च २०२५, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी लोककला संग्रहालयाच्या दुसऱ्या दालनात एका बाईंनी लाल बटण दाबलं आणि भिंतीतून माझी आई रडू लागली. बाईंनी पर्स सावरत शेवटपर्यंत ऐकलं, मग पुन्हा दाबलं. मी तिथेच खाली बसले.

सबब मी, वय ७४, कोर्टातली निवृत्त टंकलेखिका, डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र स्वतः टाइप करत आहे.

१. घर व बँकेतली शिल्लक पुतण्याला. "आत्या, जाऊ दे ना, तेवढाच आजीचा आवाज राहतो," असं तो म्हणाला, तरीही.

२. टाइपरायटर शेजारच्या डॉक्टरीणबाईंच्या मुलीला. तिचं अक्षर मी पाहिलं आहे.

३. आई मयताच्या घरी विलाप गायची. प्रत्येकासाठी नवा, त्याच्या नावाचा, आणि एकदाच. नंतर ती तो घरी गुणगुणतसुद्धा नसे. धाकटी बहीण एकोणिसाव्या वर्षी तापाने गेली तेव्हा आई तिच्यासाठी गायली, आणि दादाने न विचारता टेपरेकॉर्डर चालू केला. त्यानंतर आईने त्याला ताट वाढलं, पण कधी हाक मारली नाही. दादा आता नाही. त्याच्यावरचा राग मी कोणाला ठेवून जात नाही, सोबत नेते.

४. चूक माझीही आहे. एका बाजूला आईच्या कहाण्या होत्या, म्हणून ती कॅसेट मीच संग्रहालयाला दिली. दुसरी बाजू लावून पाहायचं धाडस झालं नाही. कोरी असेल, अशी स्वतःची समजूत घातली. फॉर्मवर 'दोन्ही बाजू' असं छापलं होतं. जन्मभर लोकांचे कागद तपासले आणि आपली सही न वाचता ठोकली.

५. संचालक म्हणाले, "अहो मावशी, लोकांना आवडतं. सहलीची मुलं तर रांग लावतात."
"त्यात माझ्या बहिणीचं नाव आहे."
"नाव कोणाला कळतंय हो!"
मला कळतं.

६. कहाण्यांच्या आणखी सतरा कॅसेट माझ्याकडे आहेत. त्या कहाण्या आता कोणालाच येत नाहीत, मला अर्ध्यामुर्ध्या. बटण काढून ती कॅसेट परत केल्यास सतराही संग्रहालयाच्या. न केल्यास माझ्या मरणाच्या दिवशी पुतण्याने त्या जाळाव्यात. हे टाइप करताना हात थांबला होता, ते लपवत नाही.

साक्षीदार : समोरचे औषधवाले, इस्त्रीवाल्या बाई. (दोघांनाही यातून काही मिळत नाही.)
सही : केली आहे, या वेळी वाचून.
ठिकाण : माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल. दिनांक : १० मार्च २०२५.

प्रत : संचालक. लेखी उत्तर सोमवार, ३१ मार्च, सायंकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडावं. फोन करू नये. तोवर निदान त्या बटणावर कागद चिकटवावा.