बाबांचं बोट न ओळखणारा प्लेअर

धाकट्या,

आशीर्वाद नंतर लिहिते, आधी हे ऐक. तू पाठवलेला तो काचेचा प्लेअर बाबांना माणसात धरत नाही. थट्टा करत नाहीये मी. माझं बोट लागलं की उजळतो, तुझ्या भाचीचं लागलं की गायला लागतो, आणि बाबांनी बोट टेकवलं की ढिम्म. दाबून झालं, चोळून झालं, इथला दुकानदार म्हणाला ओलं करून लावा, तेही झालं. ढिम्म. जन्मभर सिमेंट-चुन्यात हात घालून लोकांची घरं बांधली त्यांनी, त्या बोटांना आता कातडी कुठली, चपलेचा तळ झालाय नुसता. आणि ह्या नबाबाला मऊ बोट लागतं. बाबा मला म्हणाले, "ह्याच्या लेखी मी गेलो वाटतं."

(तुझी पाठ आता कशी आहे? तुझ्या बायकोला आणि पोरांना आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. ठीक काही नाही.)

तुला वाटत असेल ताई गाण्यांवरून उगाच डोकं खाते. तुला ठाऊक आहे, एक दिवसाआड मी बाबांना दवाखान्यात रक्त धुवायच्या खुर्चीवर बसवते. अर्धा दिवस जातो. एका हातात जाड सुया, तो हात हलवायचा नाही. त्यांचा तो पट्ट्याला अडकवायचा जुना टेप होता तोवर कानात गाणी घालून निमूट बसायचे. त्याने कॅसेटची पट्टी गिळली आणि तो मेला, तेव्हापासून बाबा खुर्चीत टिकत नाहीत. एकदा तर सुया काढा म्हणून मधेच उठायला निघाले. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, असं अर्धवट सोडत गेले तर छातीत पाणी भरेल. मोबाईल तिथे चालत नाही (एका पेशंटने खुर्चीत बसून जमिनीचा सौदा केला आणि आरडाओरडा करून तिथेच मोडला, तेव्हापासून सगळ्यांचे मोबाईल दारातल्या टोपलीत). म्हणून तुझ्याकडे प्लेअर मागितला. गाणी नाहीत तर बाबा बसत नाहीत, आणि बसले नाहीत तर काय होईल ते मी लिहीत नाही.

आणि तू त्यात भरलंस काय? मन शांत व्हावं म्हणून पाण्याचे आवाज. आधी झरा, मग नदी, मग धबधबा, मागे कोणीतरी बासरी वाजवतंय. अरे शहाण्या, त्या माणसाला दिवसभराचं पाणी मी वाटीने मोजून देते. घसा सुकला की ओठांना ओलं फडकं लावते. त्याच्या कानात तू नदी सोडलीस. मी स्वतः कानाला लावून ऐकलं तेव्हा मलाच तहान लागली.

पुढचं ऐक. खुर्चीत बसल्यावर धबधबा सुरू झाला. बाबांना तो बंद करायचा होता. एक हात सुयांत, दुसऱ्याचं बोट यंत्राला मान्य नाही. मी तेव्हा औषधांच्या रांगेत होते. मग बाबांनी प्लेअर छातीवर ठेवला, मान खाली घातली आणि नाक लावलं. नाक मात्र त्याला चाललं. बाबा खूश झाले आणि नाकानेच एकेक गाणं पुढे ढकलत बसले, कुठे माणसाचा आवाज सापडतोय का बघत. नर्सने लांबून काय पाहिलं, तर म्हातारा छातीवर मान टाकून पडलाय. तिने नाव घेऊन हाक मारली. कानात धबधबा, ऐकू कुठून येणार? तिने घंटा दाबली, चार जणं धावली, खुर्चीची पाठ धाडकन खाली पाडली आणि बाबांचे पाय छताकडे केले. मी औषधं घेऊन आले तेव्हा माझा बाप उलटा, डॉक्टरीणबाई छातीला नळी लावून, आणि बाबा ओरडतायत, "अगं बाई, मी गाणं बदलतोय." माझ्या हातातली बाटली फुटली. अजून आठवलं की रडू येतं आणि तेवढंच हसूही येतं, दोन्ही एकदम आल्यावर माणसाने काय करायचं?

तिथून उठले ती सरळ दुकानात, बाबांना घेऊन. दुकानदाराने आधी तुझ्यासारखेच चार काचेचे मांडले, एकाहून एक पातळ. मी म्हटलं, बटणांचा दाखवा. तो म्हणाला, "मावशी, ते जुनं मॉडेल. रंगीत पडदा नाही त्याला." मी म्हटलं, बाबा गाणी बघत नाहीत. मग त्याने कपाटातून एक काढला, शर्टाच्या गुंडीएवढी बटणं. बाबांनी दाबलं, आणि दिवा लागला. बाबांनी चारदा दाबून बघितलं. मग तो कानाला लावून उभे राहिले, उभेच राहिले. आत गाणंच नाही. एकही नाही. दुकानदार म्हणतो, "गाणी तुमची तुम्ही भरायची." मी कप्पाळाला हात लावला. ह्या सगळ्या डब्या कोऱ्याच असतात म्हणे, आणि लोक विकत घेतात.

तर बटणांचा मी घेतला. त्यात तुझं मत मागत नाही. बाबांची गाणी मात्र सगळी तुझ्याकडे आहेत. गेल्या वेळी 'कॉम्प्युटरमध्ये घालतो' म्हणून पिशवीभर कॅसेटी घेऊन गेलास. घातल्यास की पोटमाळ्यावर टाकल्यास, खरं ते सांग. सोमवारपासून खुर्चीत गाण्यांशिवाय बाबा बसणार नाहीत, तसं त्यांनी मला तोंडावर सांगितलंय.

तुझी,
ताई

ता. क. गाणी पार्सलने पाठवू नकोस, घेऊन ये. सोमवारी बाबांजवळ तू बस. लाँड्रीच्या मुकादमाने मला सांगितलंय की आणखी एक खाडा झाला की माझी इस्त्री दुसरीला देणार. एवढ्यासाठीच लिहायला बसले होते, बाकीचं आपोआप आलं.

ता. क. दुसरं. पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणतात, त्याला बोलावू नकोस, तो शेजारी बसून सारखा बोलतो, गाणं ऐकू देत नाही. तरी ये. तोंड मिटून बस.

ता. क. तिसरं. येतोस की नाही ते शुक्रवारपर्यंत लिहून कळव. फोन करू नकोस. फोनवर तू गोड बोलतोस, आणि ठेवल्यावर मला कळतं की तू काहीच कबूल केलेलं नाहीस.