भेटीवरचं नाव

कुरोइशी, २ डिसेंबर २००६

चि. सुमिएस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या निवडक गाण्यांची सीडी निघाली, हे आईला दुकानातल्या फलकावरून कळावं? मी काय परकी आहे? असो. मी तीस मागवल्या. यंदा वर्षअखेरच्या भेटींत तेल नाही, हॅम नाही. गल्लीत, सार्वजनिक न्हाणीघरात, सफरचंदांच्या वखारीत, सगळ्यांना तुझी सीडी.

भेटीवरच्या पट्टीवर देणाऱ्याचं नाव लागतं, म्हणून शाई घोटून तीसही पट्ट्यांवर तुझ्या वतीने ‘कासाई सुमिए’ लिहिलं. खरं नाव सांगायला तुझ्या गाण्यांच्या कंपनीची बंदी होती, पण आता कंपनीच सोडलीस म्हटल्यावर बंदी कसली? शेजारच्या शिराटोरीकाकू थक्कच झाल्या. म्हणाल्या, अगंबाई, टीव्हीवरची रिरिका म्हणजे तुमची सुमिए होय! मला वाटलं ती टोकियोत चपलांच्या दुकानात आहे.

नव्या वर्षाला येतेस का? सात वर्षं हेच विचारते आहे. घशाला जप आणि आईवरची माया अधूनमधून कळवत जा.

तुझी,
आई

टोकियो, ६ डिसेंबर

ती. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

तीस! अगं, ती सीडी माझी नाहीच. मी सोडून गेले म्हणून कंपनीने मला न विचारता जुनी गाणी गोळा केली आणि बाजारात ओतली. मी चाहत्यांना हात जोडून सांगते आहे की घेऊ नका, आणि माझी सख्खी आई ती गावभर वाटते आहे! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते हेच.

‘रिरिका’ हे नावही त्यांनी ठेवून घेतलं. वीस जानेवारीला हिरोसाकीत माझा कार्यक्रम आहे. फलकावर माझं खरं नाव आहे, आणि त्या नावाला कुत्रंही ओळखत नाही. सभागृह रिकामं राहिलं तर नवी कंपनी मला नारळ देणार. तुला बोलले नाही, कारण रिकाम्या खुर्च्या तुला दाखवायच्या नव्हत्या.

सगळ्या सीडी परत घे. तूही ऐकू नकोस. चिडले आहे, तरी लोभ आटू देऊ नकोस.

सुमिए

कुरोइशी, ११ डिसेंबर

चि. सुमिएस,
आशीर्वाद, तेही दात-ओठ खात.

परत कशा घेऊ? परतभेटी येऊन पडल्या आहेत! तांदळाच्या कुरकुरीत पापड्यांचे डबे, मुळ्याचं लोणचं आणि टॉवेल तर इतके की दुकान थाटावं. परतभेट घेतल्यावर भेट मागायला जायचं म्हणजे गाव सोडायची तयारी करूनच जायचं.

तरी तुझ्यासाठी लाज गुंडाळून शिराटोरीकाकूंकडे गेले. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, सुमिएला सांगा, पुष्कळ गायलीस हो, आता विश्रांती घे. निवडक गाणी निघाली म्हणजे कारभार आटोपला, असंच सगळे धरून बसलेत. मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, आटोपायला ती काय म्हातारी झाली? वीस जानेवारीला हिरोसाकीत गाते आहे, या आणि कान उघडून ऐका. तेच पुढे न्हाणीघरात सांगितलं आणि वखारीतही.

घरापासून अर्ध्या तासावर गाणार आणि आईला पत्ता नाही, याचा राग वेगळा आहे. तो समोर आलीस की काढीन.

तिसावी सीडी माझी. तू म्हणालीस म्हणून पट्टीसुद्धा सोडलेली नाही. रोज समोर ठेवून नुसती बघत बसते. इतकी कडक शिक्षा आईला देऊ नये.

तुझी,
आई

टोकियो, २२ डिसेंबर

ती. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

सभागृहाच्या व्यवस्थापकाचा फोन आला होता. सगळी तिकिटं गेली. तो चक्रावून विचारत होता, ही कासाई सुमिए आहे तरी कोण? कुरोइशीचे लोक येतात, रिरिकाचं नावही काढत नाहीत, म्हणे कासाईंच्या सुमिएची तिकिटं द्या.

मी अजून चिडलेलीच आहे. ते सगळे जुनीच गाणी मागणार, आणि मला ती गावी लागणार. टॉवेलांचं काय करायचं तेही तूच बघ.

आदल्या दिवशी घरी येते. काय ऐकायचं ते ठरवून ठेव, समोर बसून गाते. सीडी हवी तर ऐक, पण तिच्यावरची पट्टी फाडू नकोस. आतलं सगळं त्यांचं आहे. तेवढं नाव माझं आहे.

राग काढून झाला की जवळ घे.

सुमिए