सहा टक्के साम्य

३ जून

ती. मामास,

सा. न. वि. वि. हे पत्र तूच वाच, मामीलाही दाखवू नकोस.

गेल्या वर्षी बंद वर्गखोल्यांतल्या हवेवरचा माझा लेख एका नियतकालिकाने नाकारला. लाजेपोटी मी घरात कुणाला बोलले नाही. परवा दुसऱ्याच नियतकालिकाच्या संपादकबाईंनी मला एक लेख परीक्षणाला पाठवला, लेखकाचं नाव झाकून. वाचते तर काय, माझाच लेख! शब्द तेवढे फिरवलेत. खिडकीचं चक्क गवाक्ष केलंय मेल्याने. त्यामुळे साम्य शोधणारं त्यांचं यंत्र सहाच टक्के दाखवतं. माझा लेख कुठे छापलाच नाही, मग ते बापडं ताडून पाहणार कशाशी? पण एका वर्गात फुटक्या काचेच्या जागी मी बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा लावला होता, तो पुठ्ठासुद्धा यात आहे.

हा छापून आला तर चोर मीच ठरेन, आणि कायम नोकरीची मुलाखत दीड महिन्यावर आलीय. माझा लेख त्या वेळच्या परीक्षकाशिवाय कुणी पाहिलेला नाही. तू आयुष्यभर परीक्षणं केलीस. या माणसाला शोधू कसा?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
भाची

११ जून

चि. खारूताईस,

अ. उ. आ. आधी पाणी पी. लहानपणी पेन्सिल हरवली की अख्ख्या वर्गावर आळ घ्यायचीस, तसं करू नकोस.

संपादकबाईंना तुझ्या मूळ नोंदी पाठव आणि गप्प राहा. त्या लेखकाकडे खुलासा आणि त्याच्या नोंदी मागतील, पटलं नाही तर त्याच्या संस्थाप्रमुखांना कळवतील. परीक्षकाचं नाव मात्र विचारू नये, ते गुप्तच असतं. आणि दोघांना एकच गोष्ट सुचू शकते गं. बत्तीस वर्गखोल्या काय, कुणीही मोजेल. पुठ्ठ्याचं तेवढं मलाही कोडं पडलंय.

मामी विचारते, कधी येतेस? माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा मामा

१९ जून

ती. मामास,

नमस्कार करतेय, पण मन साफ नाही.

बत्तीस हा आकडा मी तुला लिहिलाच नव्हता. पत्राचा फोटो काढून ठेवलाय, तो तीनदा तपासला. माझा लेख नाकारणाऱ्या अहवालात मात्र होता: ‘बत्तीस वर्ग अपुरे.’ मामा, तुला तो कुठून कळला? तुझ्या मांडीवर बसून पाढे शिकले मी. तुझ्यावर संशय घेताना लाज वाटते, पण घेतेय.

संपादकबाईंनी आधीच्या नियतकालिकाकडून माझी फाईल मागवलीय, तारखांसकट. त्या लेखकाकडे नोंदी मागितल्या, तर म्हणे वही भिजली. काय असेल ते सरळ लिही.

भाची

२७ जून

चि. खारूताईस,

आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी देतो.

परीक्षक मीच होतो. नाव झाकलेलं, तुझा लेख आहे हे ठाऊक नव्हतं. पण खरी गोष्ट याहून वाईट आहे. मी तो वाचलाच नाही. तेव्हा ऑपरेशन व्हायचं होतं, मोतीबिंदूने नीट दिसत नव्हतं, आणि परीक्षकाचा मान सोडवत नव्हता. आमच्या जावयांना, तुझ्या भावोजींना, म्हटलं, तुम्हीही याच विषयातले, तुम्ही वाचा आणि अहवाल लिहा. त्यांनी लिहिलेल्या अहवालावर वरवर नजर टाकली, ते बत्तीस वर्ग तेवढे लक्षात राहिले, आणि खाली माझं नाव घालून पाठवून दिला. तुझा लेख त्यांच्याकडेच राहिला.

माझ्या पत्रात तो आकडा नकळत उतरला; तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा कुठे उमगलं आणि त्यांना विचारलं. आधी कानांवर हात ठेवले, मग म्हणाले, घरातल्या घरात मिटवा. ताई रडून म्हणाली की बाबा, तुम्ही बोलला नाहीत तर कुणाला कळणार आहे? पाच दिवस मी न बोलण्याचाच विचार करत होतो. हेही तुला माहीत असू दे.

आज दोन्ही संपादकांना सगळं लिहून पाठवलं. तुझ्या तक्रारीत माझंही नाव घाल. मामा म्हणून गाळू नकोस, नाहीतर तुझ्या खऱ्या कागदांवरही लोक शंका घेतील. ताई माझ्याशी बोलत नाही.

काल त्यांच्याकडून मागून घेऊन तुझा लेख पहिल्यांदा वाचला, शब्दन् शब्द. दोन तास लागले. फार चांगला आहे गं. तेव्हा मी वाचला असता, तर नाकारला नसता.

लोभ मागायचा हक्क आता मला नाही,
मामा