काचेबाहेरचे झीलकरी

मु. सिंदेवाही
संक्रांतीनंतरचा बुधवार, १९५८

तीर्थरूप नानाजीभाऊ,

तुमच्या पायांवर तुमच्या आतेभावाचं, लच्छू शिंप्याचं डोकं. (त्यात काही नाई असं तुम्ही माझ्या लग्नात चारचौघांत म्हटलं होतं, तरी ठेवतो.) वहिनींचा गुडघा कसा आहे? एरंडाचा पाला बांधत जा म्हणावं. इथी सारे बरे आहेत, म्हणजे जे आहेत ते.

तुमच्या मासिकासाठी आमच्या दंडारीतल्या गाणाऱ्यावर, मुखरूवर, लेख धाडावा असं तुम्ही लिहिलं, आणि तो कसा लिहावा हेही तुम्हीच लिहिलं. आधी घराणं, मग गुरू, मग आवाजाचा पोत, मग स्टुडिओतलं काम, आणि रडगाणं नको. भाऊ, मुखरूचं घराणं म्हणजे दोन खणांचं घर आणि एक म्हैस. गुरू म्हणाल तर त्याचा बाप दंडारीत गात होता, पण त्यानं पोराले मारल्याशिवाय काही शिकवलं नाई. आवाजाच्या पोताचं तर मले विचारूच नका. मी कापडवाला माणूस, मांजरपाट म्हणू का लठ्ठा म्हणू? तो गायला लागला का माझी मशीन आपोआप थांबे, एवढंच मले ठाऊक.

आता स्टुडिओचं काम. तुम्हीच त्या नादलहरी कंपनीले सांगून आम्हाले बोलावलं होतं, पोळ्याच्या आधी. नागभीडले गाडी बदलताना ढोलकी डब्यातच राहून चालली होती, ती शफीनं पळत जाऊन काढली. (शफी म्हणजे आमचा घड्याळं दुरुस्त करणारा. ढोलकी तोच वाजवते.) स्टुडिओ पाहून मी तर चाट पडलो. चारी भिंतींले गोधड्या ठोकल्या होत्या, आणि त्याही काय भिकार टाक्यांच्या! तिथल्या साहेबानं मुखरूले आणि ढोलकीवाल्या शफीले आत घेतलं आणि आम्हा चार झीलकऱ्यांले बाहेर काढलं. तुमच्या आवाजानं मशीन फाटते म्हणे. मधात एक मोठी काच.

तुम्ही नागपूरकर विसरले असाल म्हणून सांगतो. दंडार म्हणजे आमचा रातभर चालणारा गाण्या-नाचाचा खेळ. दंडारीत गाणारा ओळ टाकते, हात वर करते आणि थांबते. मग आम्ही मागून ती ओळ उचलतो, त्याले झील म्हणतात. झील आल्याशिवाय गाणारा पुढं जात नाई. मुखरूनं आत गण धरला, ओळ संपवली आणि काचेतून आमच्याकडं पाहून हात वर केला. आता हात वर झाल्यावर आम्ही काय गप बसावं? आम्ही बाहेरून अशी झील दिली का शेजारच्या खोलीतला कारकून पेन टाकून धावत आला. मुखरूले ऐकू काही येत नव्हतं, पण आमची तोंडं हलताना दिसत होती. ती मिटली का तो पुढची ओळ घेई. असा सारा गण झाला.

साहेबानं टेप ऐकली आणि कपाळाले हात लावला. मधात साऱ्या मोकळ्या जागा. पुन्हा गा म्हणे, न थांबता. मुखरू म्हणाला, "साहेब, गण देवाचा हाये. नारळ फुटल्यावर एकदाच म्हनाचा असते. दुसऱ्यांदा म्हटला तर देवाले वाटन, पयला खोटा होता." साहेब चिडला, मी त्याच्याहून चिडलो, आणि मुखरू दोघांले पान देत बसला. येताना गाडीत एकच म्हणे, "लच्छू, तबकडी आली का सुकरीले पयले आयकवाची. तिनं आपली दंडार कधी समोर बसून पाह्यली नाई." सुकरी म्हणजे त्याची बायको. दंडारीच्या रात्री ती आमच्या सगळ्यांच्या भाकरी थापत राहे.

दिवाळीनंतर मुखरूले ताप आला आणि त्यातच तो गेला. मले लय दुःख झालं, भाऊ. रडगाणं नको म्हटलं तुम्ही, म्हणून इतकंच लिहितो.

तेरवी झाल्यावर नमुन्याची तबकडी आली. शफीनं त्याच्या अंगणात ग्रामोफोन लावला. मुखरू गायला, ओळ संपली, आणि नुसती सुई खरखरत राहिली. आम्हा चौघांतल्या एकानंही झील उचलली नाई. दुसरी ओळ संपली तरी तेच. तिसऱ्या ओळीनंतर भिंतीशी बसलेल्या सुकरीनं झील दिली. बाई माणसानं झील देल्लेली मी उभ्या जन्मात ऐकली नाई. सुरात होती, शब्द सारे बरोबर होते. मग आम्हीही उचलली. आता दर सोमवारी लावतो. गाव जमते.

लेख काही जमला नाई. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पोटात घाला.

तुमचा
लच्छू

ता. क. वहिनींसाठी चोळीचं कापड पाठवतो. माप जुनंच धरलं आहे, तेव्हा घट्ट झाली तर माझ्यावर खापर नको.

ता. क. दुसरा. खरं काम हे. कंपनी विकायच्या तबकडीत मधल्या मोकळ्या जागा कापून गाणं सलग करणार आहे म्हणे, तेव्हा तुम्ही आजच्या आज त्या साहेबाकडं जा, लागलं तर पाय धरा, माझ्या नावानं धरा.

ता. क. तिसरा. सुकरीबाई बाजूले बसली आहे. ती म्हणते, लिहा का तो आमच्यासाठी थांबला हाये, त्याले थांबू द्या.