केवळराम शाहिराचे सहावे कडवे

रविवार, दिनांक १६ नोव्हेंबर १९५८, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. कामठ्याच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, भर गर्दीत, माझा मृत भाऊ केवळराम शाहीर याचे गाणे त्याच्याच साथीदाराने, झामसिंगने, स्वतःच्या नावाने गायले. वेळ मी तिथल्या तिथे घड्याळात पाहिली.

मी, सुलोचना रेवाराम पटले, वय ५९, अविवाहित, सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, राहणार कामठा, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. यापूर्वी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. हे लिहिण्यासाठी कोणी दबाव आणलेला नाही. गप्प बसावे म्हणून मात्र आणला आहे, ते पुढे येईल.

१. राहते घर, अंगण आणि पोस्टातील शिल्लक फुलवंताला द्यावी. बावीस वर्षे ती माझा स्वयंपाक आणि माझी बोलणी दोन्ही सांभाळते आहे. काल तिला हे कलम वाचून दाखवले, तर म्हणाली, "मरायचं लिहून राहिल्या बाई, अन् राग पाहा किती जितेपणीचा!"

२. इंग्रजी पुस्तके गोंदियाच्या माझ्या शाळेला द्यावीत. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकले. केवळरामला बाबांनी तीनदा शाळेत घातले, तीनदा तो दंडारीच्या नाचगाण्यामागे पळाला. एकदा मला भेटायला आला आणि फाटकाशी उभा राहून गाऊ लागला. सिस्टरने खिडकी लावून घेतली. त्या खिडकीचा राग मी चाळीस वर्षे जपला आहे. तो कोणाला देता येत नाही, म्हणून नुसती नोंद करते.

३. केवळरामची ढोलकी, टुणटुणे आणि गाण्यांच्या तीन वह्या बकारामला द्याव्यात. खडी गंमतीत, आमच्याकडच्या तमाशात, त्याने वीस वर्षे भावाला ढोलकीची साथ केली. अट एकच: शेवटच्या ओळीतली केवळरामची छाप, म्हणजे त्याचे नाव, कोणत्याही गाण्यातून काढू नये.

वह्यांतले अक्षर माझे आहे. भावाला लिहिता येत नव्हते. धानाची कापणी, रोवणी, लग्न, मयत, काहीही असो, गाणे सुचले की तो माझ्या ओट्यावर येऊन बसे. पाच कडवी घरी सांगायचा. सहावे, छापेचे, कधीच घरी नाही. ते वाटेने चालताना जुळवायचा आणि सोबतच्या झीलकऱ्याकडून, म्हणजे मागे सूर धरणाऱ्याकडून, तीनदा म्हणवून घ्यायचा, म्हणजे विसरायला नको. परत आला की मी ते उतरवून घ्यायची. अशी दोनशे चौदा गाणी. दोनशे पंधराव्याखाली जागा कोरी आहे.

झीलकरी अठरा वर्षे झामसिंगच होता.

४. सोमवार, २८ ऑक्टोबर १९५७ रोजी सकाळी आठला केवळराम चोरखमारा गावाकडे निघाला. "बाई, सहावं यायचं आहे अजून," एवढेच म्हणाला. दोन दिवसांनी तिथल्या तलावाच्या पाण्यात सापडला. पंचनाम्यात लिहिले, तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, पाय घसरला. झामसिंगने जबानी दिली, की त्या दिवशी तो नागरा गावच्या देवळात होता आणि शाहिराची भेटच झाली नाही. मी विश्वास ठेवला. मंडईत मात्र त्याने त्या दोनशे पंधराव्या गाण्याच्या पाच कडव्यांनंतर सहावेही गायले, शेवटी छाप स्वतःची घालून. त्याची सुरुवात अशी:

"तुटला अंगठा वहाणेचा, बहीण बोले दारी,
शाहीर आहेस ना रे भाऊ, का आहेस भिकारी?"

हे शब्द माझे आहेत. त्या सकाळी दारात मी केवळरामला हेच बोलले होते. फुलवंता शेतावर गेली होती. आम्हा दोघांखेरीज तिथे कोणी नव्हते. झामसिंगला बहीण नाही. मग हे कडवे त्याला नागऱ्याच्या देवाने सांगितले काय?

५. एक गोष्ट माझ्याविरुद्ध जाते, तीही लिहिते. झामसिंगला काही गाण्यांत त्याची स्वतःची छाप घालू द्यायला केवळराम तयार होता. मीच अडवले. म्हणाले, याला गळा आहे, शब्द नाहीत. हे झामसिंगच्या कानावर गेले होते. अठरा वर्षे दुसऱ्याच्या नावाला झील धरणाऱ्या माणसाच्या मनात काय साचते, याचा मी तेव्हा विचार केला नाही.

६. मंडईनंतर तिसऱ्या दिवशी झामसिंग घरी आला. वह्या मागितल्या. मी कडव्याचा प्रश्न विचारला.

"गाणं का कोणाच्या बापाचं राहते, मास्तरीणबाई? शाहीर मेला, मी गाऊन राहिलो. कायले जीव जाळता?"

"जीव कोणाचा गेला ते आधी सांग."

त्यावर तो हसला. अंगणात गेला, विहिरीच्या काठावरून हात फिरवला. "काठ लय झिजला तुमचा. एकट्या राहता. पाणी काढताना पाय घसरन."

त्या दिवसापासून मी विहिरीकडे पाऊल टाकलेले नाही. पाणी फुलवंता काढते. मी विहिरीत सापडले, तर पंचांनी हे कलम मोठ्याने वाचावे आणि मगच काय ते लिहावे.

७. या मृत्युपत्राची एक प्रत आणि सहाव्या कडव्याबद्दलचे माझे निवेदन गोंदियाचे वकील गुलाबचंद यांच्याकडे मोहोरबंद ठेवले आहे.

ठिकाण: कामठा. दिनांक: ३ डिसेंबर १९५८.

(सही) सुलोचना रेवाराम पटले

आमच्यासमोर त्यांनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही:
(सही) चुन्नीलाल, कापड दुकानदार
(सही) सावित्रीबाई, सेवानिवृत्त सुईण

प्रत झामसिंगला, पोच घेऊन.

झामसिंग, वह्या तुला मिळणार नाहीत, खरे बोललास तरी नाहीत. तू पाळीवर होतास, हे मला ठाऊक आहे. सहावे कडवे तीनदा म्हणून झाल्यावर काय झाले, तेवढे लिही. पाय घसरला असेल, तर तू हात दिलास की नाही, तेही लिही. शनिवार, २० डिसेंबर १९५८, सायंकाळी पाचच्या आत तुझ्या सहीचे लेखी उत्तर गुलाबचंद वकिलांकडे पोचले पाहिजे. तोंडी निरोप चालणार नाही. पाच वाजून एक मिनिटाने ते मोहोर फोडतील आणि निवेदन जिल्हा पोलीसप्रमुखांकडे भंडाऱ्याला पाठवतील, मी जिवंत असो वा नसो.