नऊ स्क्रूंवरची चमकी

३ फेब्रुवारी

नाही ना डायरी, नुसता पासवर्ड पुरत नाही! हेच तर काल तासभर आत्याला समजावत होते. कोणी तिचा लॅपटॉप खालून उघडून कीबोर्डखाली एक चिमुकला पार्ट बसवला, की ती जे टाइप करेल ते सगळं त्याला. पासवर्डसकट. ती म्हणाली, "मग काय उशाशी घेऊन झोपू त्याला?"

गंमत नाही पण. फॅक्टरी नदीत काय सोडते त्याचे खरे रिपोर्ट तिला आतल्याच एकाने आणून दिलेत, आणि त्याचं नाव त्या लॅपटॉपमध्ये आहे. नाव फुटलं तर त्याची नोकरी तर गेलीच, वर केस. आत्याची बातमी पंधराला पेपरात छापून येणार, तोवर ती आमच्याकडे राहतेय. आणि बाबा त्याच फॅक्टरीत, स्टोअर्सला! "माझ्याच घरात बसून माझ्याच फॅक्टरीची वाट लावा," म्हणाले. हसतच म्हणाले.

४ फेब्रुवारी

सापडलं!! चमकीवालं नेलपॉलिश. प्रत्येक स्क्रूवर एक थेंब टाकायचा आणि फोटो काढायचा. चमकीचे कण कसे पडतील ते आपल्याही हातात नसतं. म्हणजे कोणी उघडून परत थेंब टाकला, तरी कण वेगळे पडणार. हॅकिंगबिकिंग काही नाही, साठ रुपयांची बाटली!

दुकानातल्या बाईंनी विचारलं, "ड्रेस कुठल्या रंगाचा आहे?"

"ग्रे. लॅपटॉप आहे."

त्यांनी सुट्टे पैसे जरा लांबूनच दिले.

५ फेब्रुवारी

नऊ स्क्रू, नऊ थेंब. निळी-चंदेरी चमकी. बाबा आले, वाकून बघून गेले. "लॅपटॉपला मेकअप?" त्यांना समजावणार होते, पण ते फॅक्टरीत पळाले. आत्याला मात्र सगळं सांगितलं. आता मला "सिक्युरिटी मॅडम" म्हणते.

७ फेब्रुवारी

फोटोशी मॅच. नऊच्या नऊ. जरा बोअर झालं, खरं सांगायचं तर.

१० फेब्रुवारी

मॅच नाही!!! एकही नाही! स्क्रू नंबर चारवर तीन निळे कण होते, आता एकच. मी अक्षरशः उडी मारली. चाललं, माझं चाललं! मग लक्षात आलं. म्हणजे कोणीतरी उघडलाय.

बाबांच्या चष्म्याच्या डबीतला बारका स्क्रूड्रायव्हर आणून आत बघितलं. नवीन काही बसवलेलं नाही. सगळ्या फाइली असतात ती डिस्क जागेवर आहे, पण तिचा स्क्रू अर्धवट सुटलेला. कोणीतरी ती काढता काढता थांबलंय.

मी आणि आई काल क्लासला आणि ऑफिसला. आत्या लॅपटॉप इथेच ठेवून वकिलांकडे, एरवी ती त्याला सोडत नाही. घरी सुट्टी काढलेले बाबा आणि किचनचा नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर. दोन तास! एका नळाला दोन तास लागतात का?

आत्याला दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले. तिने झूम करून एकेक स्क्रू पडताळला. मला वाटलं, शाबासकी देईल. म्हणाली, "दादाला सांगू नकोस."

"बाबांना का नाही? त्यांनीच तर प्लंबरला बोलावलं."

"नको म्हटलं ना बाळा."

मला बाळा ती मी तापात असले तरच म्हणते.

११ फेब्रुवारी

प्लंबर नाही. परत थेंब टाकायला हीच चमकी लागणार, आणि बाटली तर माझ्या ड्रॉवरमध्ये, वह्यांच्या मागे असते. ती त्याला कशी सापडेल? बाटली आज वह्यांच्या पुढे होती.

१२ फेब्रुवारी

सकाळी बाबांनी चहाचा कप पुढे केला. डाव्या अंगठ्याच्या नखाच्या कडेला एक निळा कण, एक चंदेरी.

"बघतेस काय? घे ना, गरम आहे."

घेतला. ते डिस्क फॅक्टरीला नेऊन देणार होते, की आतलं ते नाव त्यांचंच आहे, म्हणून ती गायब करणार होते? तुला काय वाटतं?